पहिली उलटी कादंबरी : कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ऊन उतरलं की, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर आठ-दहा माणसं जमतात. वयं पंचविशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत. विषय ठरलेला: सिनेमावरून किंवा मालिकेवरून बेतलेली विज्ञान-कादंबरी पहिल्यांदा हातात पडली, ती कशी पडली आणि पुढे काय झालं. नवीन माणूस जिना चढून आला की बसायच्या आधी तेच प्रश्न विचारतो आणि माझा चहा गार होतो. म्हणून हे लिहून ठेवलंय. उत्तरं माझी आहेत, कट्ट्याची नाहीत. कट्ट्याचं आजवर एकाही उत्तरावर एकमत झालेलं नाही.

उलटी कादंबरी? हे काय नाव झालं?

नेहमीचा रस्ता कादंबरीकडून सिनेमाकडे जातो. ही त्याच रस्त्याने उलट दिशेने येते. आधी पटकथा, मग तिच्यावरून कादंबरी. इंग्रजीत तिला टाय-इन म्हणतात. तिच्या दोन जाती. एकीत सिनेमाचीच गोष्ट कादंबरीच्या रूपात सांगितलेली असते. दुसरीत पात्रं आणि जग मालिकेचं असतं, गोष्ट मात्र नवी रचलेली. 'उलटी' हा शब्द पोस्टातून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी काढला. त्याचा दुसरा अर्थ सगळ्यांनाच सुचतो, तो जिन्यातच सांगून टाकावा ही विनंती.

आणि ही कल्पना साहेबाचीच आहे असं समजू नका. आपल्याकडे सिनेमाच्या थिएटरबाहेर गाण्याची पुस्तकं विकायला असायची. पातळ कागद, आत गाणी, आणि पहिल्या पानावर कथासार. नायिका संकटात सापडली की कथासार थांबायचं आणि खाली छापलेलं असायचं, पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा. काका म्हणतात, तीच पहिली उलटी कादंबरी, फक्त शेवट कापलेली.

मुखपृष्ठावर नटाचा फोटो आहे. म्हणजे टाय-इनच ना?

नाही. जुन्या कादंबरीवर सिनेमा निघाला की प्रकाशक तीच कादंबरी नव्या मुखपृष्ठात काढतो. फिलिप के. डिकची १९६८ ची कादंबरी १९८२ मध्ये 'ब्लेड रनर' या सिनेमाच्या नावाने पुन्हा बाजारात आली, पण आतला मजकूर जुनाच होता. पटकथेवरून नवी कादंबरी काढायच्या प्रस्तावाला डिकने नकार दिला होता. त्यामुळे ते पुस्तक घेऊन कोणी आलं तर आम्ही त्याला बसवून घेतो, चहाही देतो, पण कट्ट्याच्या वहीत, जिच्यात सगळ्यांच्या पहिल्या उलट्या लिहिलेल्या असतात, तिची नोंद करत नाही.

पहिलीच का? आवडती का नाही?

आवडती विचारली की माणूस विचार करून, शोभेल असं उत्तर देतो. पहिली विचारली की खरं सांगतो, कारण पहिली कोणी निवडलेली नसते. ती मिळालेली असते.

मी सिनेमा पाहिलाच नाही, पुस्तक तेवढं वाचलंय. मी यात बसतो का?

तुम्हीच बसता. हा कट्टा मुळात तुमच्यासाठीच आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातलं बडोदं डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी विज्ञानपट इथे उशिरा यायचा, थोडे दिवस टिकायचा, आणि बहुतेकदा सकाळच्या खेळाला लागायचा. इंग्रजी मॉर्निंग शो म्हटलं की घरात भुवया वर जायच्या, मग पडद्यावर अंतराळयान का असेना. आमच्या वाड्यातल्या मुलग्यांना निदान खोटं बोलून जाता यायचं. आम्हा मुलींना तेही नाही. मात्र हातात पुस्तक असलं की कोणी विचारायचं नाही. इंग्रजी पुस्तक असलं तर उलट कौतुकच. "पोरगी इंग्रजी वाचतेय" म्हणून आजोबा पाहुण्यांना दाखवायचे. मुखपृष्ठावर तोकड्या कपड्यातली अंतराळसुंदरी असेल तर त्याला आधी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असायचं, एवढंच.

म्हणून आम्ही सिनेमे वाचले. पुस्तक हे आमच्यासाठी सिनेमाची आठवण नव्हतंच, कारण आठवायला सिनेमा होताच कुठे? पुस्तकात 'कंट्रोल रूम' आली की माझ्या डोक्यात वीज मंडळाचं सबस्टेशन उभं राहायचं, तसाच घूं आवाज आणि तशीच लाल कवटीची पाटी. यानातले बोगदे म्हणजे सयाजीबागेतल्या संग्रहालयाचे जिने. पुढे बऱ्याच वर्षांनी मूळ सिनेमा पाहिला तेव्हा सगळं इतकं पांढरं आणि स्वच्छ निघालं की माझा विश्वासच बसेना. आजही मनात यान आलं की त्याच्या भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या असतात.

आमच्यातल्या एका डॉक्टरांची पहिली म्हणजे 'ई.टी.', विल्यम कॉट्झविंकलने १९८२ मध्ये लिहिलेली. त्यात तो परग्रहावरचा बापडा एम अँड एम नावाच्या गोळ्यांच्या मागे मागे येतो. आता बडोद्यात तेव्हा एम अँड एम कोणाला माहीत? डॉक्टरांनी वर्णनावरून ठरवलं की हे आपले जेम्स. दहाव्या वर्षी त्यांनी गच्चीवर जेम्सच्या गोळ्या ओळीने मांडल्या आणि रात्री वाट पाहत बसले. मुंग्या आल्या. पुढे व्हिडिओ कॅसेटवर सिनेमा पाहिला तर गोळ्या तिसऱ्याच! एम अँड एमवाल्यांनी परवानगी दिली नव्हती, म्हणून पडद्यावर रीसेस पीसेस आल्या आणि पुस्तकात मात्र जुन्याच राहिल्या. डॉक्टर अजून म्हणतात, तिन्हीपैकी खरे जेम्सच.

कट्ट्यावर सगळ्यात जास्त वेळा कोणतं पुस्तक निघतं?

'स्टार वॉर्स', यात वाद नाही. ते पुस्तक नोव्हेंबर १९७६ मध्ये आलं आणि सिनेमा मे १९७७ मध्ये, म्हणजे पुस्तक सहा महिने आधी. अमेरिकेतल्या त्या पहिल्या वाचकांची अवस्था आणि आमची अवस्था सारखीच होती याचं मला फार समाधान वाटतं. त्यांनीही सिनेमा न पाहताच वाचलं. फरक इतकाच की त्यांना सहा महिने थांबावं लागलं आणि काहींना इथे पंधरा वर्षं.

त्याखालोखाल 'स्टार ट्रेक'. जेम्स ब्लिश या लेखकाने १९६७ पासून मालिकेच्या भागांच्या छोट्या कथा करून पुस्तकं काढली. पहिल्यात सात कथा होत्या. एकूण बारा पुस्तकं झाली. मोठ्यांसाठीची पहिली नवी कादंबरीही त्यानेच १९७० मध्ये लिहिली. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा काकांनी ब्लिशची दोन पुस्तकं आधीच वाचलेली होती. त्यामुळे वाड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर बसून ते पुढचं सगळं आधीच सांगून टाकायचे. त्यांना एकदा बाहेर काढून दाराला कडी घातल्याचं मला स्वतःला आठवतंय.

तिसरा नंबर जरा अनपेक्षित आहे: 'डॉक्टर हू'. ही मालिका आम्ही कोणी पाहिलेली नव्हती. पण बडोद्यातल्या कितीतरी घरांचे धागे लेस्टर आणि लंडनला जोडलेले. शेजारच्या पटेलांची मामी सुट्टीत यायची ती चॉकलेटं, साबण आणि भाच्यांनी वाचून टाकलेली पातळ पुस्तकं घेऊन. टार्गेट या नावाने १९७३ पासून ती निघत होती. टेरन्स डिक्स या एका माणसाने त्यातली साठाहून अधिक लिहिली. मला या पुस्तकांबद्दल विशेष माया आहे, आणि तिला कारण आहे. बीबीसीने जुन्या भागांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले कितीतरी भाग असे कायमचे गेले. पुनःप्रक्षेपण क्वचित, घरात व्हिडिओ नाही, मग इंग्लंडमधल्या पोरांनाही गोष्ट पुन्हा भेटायची ती पुस्तकातच. म्हणजे ज्यांच्या घरात मालिका दिसत होती, त्यांनाही शेवटी आमच्याच रांगेत उभं राहावं लागलं.

तिशीतली मंडळी 'स्टार वॉर्स'च्या जगातली कादंबरी लिहिणाऱ्या टिमथी झानचं नाव घेतात. त्यांची पहिली उलटी १९९१ ची. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

पुस्तक आणि सिनेमा जुळत नाहीत. मला चुकीचं आठवतंय का?

बहुधा तुम्हाला बरोबर आठवतंय.

यामागचं कारण छापखान्यात आहे. सिनेमा लागेल त्या आठवड्यात पुस्तक दुकानात हवं. त्यासाठी जुळणी, छपाई, बांधणी, वाहतूक धरून कित्येक महिने आधी हस्तलिखित हवं. तेव्हा सिनेमाचं चित्रीकरण चालू असतं. लेखकाला मिळते पटकथा, तीही कधी कधी मधल्याच मसुद्याची, आणि नशीब असेल तर थोडे फोटो. नंतर दिग्दर्शक संपादनाच्या टेबलावर बसून प्रसंग कापतो, नावं बदलतो. पुस्तकाला ते कोण कळवणार? म्हणजे पुस्तकात तो सिनेमा उरतो जो कोणीच पाहिलेला नाही.

'स्टार वॉर्स'च्या पुस्तकात शेवटच्या लढाईत नायक निळ्या तुकडीत असतो. सिनेमात लाल तुकडीत. चित्रीकरण निळ्या पडद्यापुढे करायचं होतं, त्यावर विमानाचे निळे पट्टे दिसेनासे झाले असते, म्हणून रंग बदलला. आमच्यातल्या एकाने शाळेत या निळ्या-लाल तुकडीवरून मारामारी केली होती. समोरच्याने सिनेमा पाहिलेला, याने पुस्तक वाचलेलं. दोघंही बरोबर होते आणि दोघांनाही मास्तरांनी बाकावर उभं केलं. त्याच पुस्तकात नायकाचा एक जिवलग मित्र सुरुवातीलाच भेटतो. पडद्यावरून तो सुरुवातीचा भाग कापला गेला, त्यामुळे शेवटी तो मित्र मरतो तेव्हा सिनेमावाल्यांना फारसं काही वाटत नाही. वाचलेल्यांना वाटतं.

'२००१ : अ स्पेस ओडिसी'चं प्रकरण याहून मजेदार. आर्थर क्लार्कने कादंबरी आणि स्टॅन्ली कुब्रिकबरोबरची पटकथा एकाच वेळी लिहिली. १९६८ मध्ये आधी सिनेमा आला आणि काही महिन्यांनी कादंबरी. कादंबरीत यान शनीकडे जातं, सिनेमात गुरूकडे. शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी जमेनात, म्हणून मुक्काम अलीकडच्या स्टेशनवर आणला. आता १९८२ मध्ये क्लार्कने पुढचा भाग लिहिला तेव्हा काय करावं त्याने? स्वतःची कादंबरी बाजूला ठेवली आणि सिनेमाचा गुरू धरला! लेखक स्वतःच्या पुस्तकाशी बेइमान झाला, असं आमच्यातल्या एक भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका म्हणतात. त्या हे बोलताना आजही चिडतात. माझ्या मते तो मोठेपणा आहे. पण ही कादंबरी उलटी की सुलटी यावर तीन रविवार गेले आणि निकाल लागला नाही, म्हणून वहीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

मग खरं कोणतं धरायचं?

हे कोर्टाचं काम आहे. आणि कोर्ट म्हणजे ज्या कंपनीकडे हक्क आहेत ती.

ॲलन डीन फॉस्टरने १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या जगातली पहिली स्वतंत्र कादंबरी लिहिली. पहिला सिनेमा फार चालला नाही तर कमी खर्चात दुसरा काढता यावा, अशा बेताने ती रचलेली होती, म्हणून सगळं धुक्याच्या ग्रहावर घडतं. धुक्यात सेट कमी लागतो. सिनेमा तुफान चालला आणि ती गोष्ट पुस्तकातच राहिली. तिच्यात नायक-नायिकेत हळूच काहीतरी फुलतंय असं वाटतं. पुढे १९८३ च्या सिनेमात कळलं की ती दोघं सख्खी जुळी भावंडं! आमच्यातल्या एकीने ते पुस्तक चौदाव्या वर्षी हळवं होऊन वाचलं होतं. सत्य कळल्यावर तिने ते राखी पौर्णिमेला भावाला देऊन टाकलं.

एप्रिल २०१४ मध्ये तर हक्कदार कंपनीने एका घोषणेत आधीच्या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाहेर काढल्या आणि त्यांना 'लेजंड्स' असं नाव दिलं. दंतकथा म्हणा. तिशीतली मंडळी त्या दिवसाबद्दल अजून सुतकी आवाजात बोलतात. मला यात फारसं दुःख दिसत नाही. रामायणाच्या किती प्रती आहेत, आणि प्रत्येक घराला आपलीच खरी वाटते. कोणी पत्रक काढून गीतरामायण बाद केलं तर बडोद्यात ते गायचं थांबणार आहे का?

पुस्तकांनी सिनेमाला कधी काही दिलं का, की नुसतं घेतलंच?

दिलं, आणि हे कट्ट्यावर अभिमानाने सांगितलं जातं. 'स्टार ट्रेक'मधल्या सुलूला मालिकेत पहिलं नावच नव्हतं. व्होंडा मॅकिन्टायरने १९८१ च्या कादंबरीत त्याला हिकारू म्हटलं, आणि १९९१ च्या सिनेमात ते पडद्यावर उच्चारलं गेलं. बारसं पुस्तकात, पत्रिका सिनेमात. 'स्टार वॉर्स'च्या राजधानीच्या ग्रहाचं कोरुसांट हे नाव टिमथी झानच्या १९९१ च्या कादंबरीतून आलं. त्याच कादंबरीतला निळ्या कातडीचा सेनापती थ्रॉन २०१४ च्या घोषणेत बाद झाला होता. दोनच वर्षांत, २०१६ मध्ये, त्याला एका मालिकेत परत बोलवावं लागलं. बाद केलेला जावई पुन्हा ताटावर बसवावा तसं.

मुखपृष्ठावर दिग्दर्शकाचं नाव आणि लिहिलं भलत्यानेच, असं खरंच असतं?

असतं. १९७६ च्या 'स्टार वॉर्स'वर जॉर्ज लुकसचं नाव आहे, लिहिलं फॉस्टरने. त्याने पुढे ते मोकळेपणाने सांगितलं आणि त्याबद्दल कधी कुरकुरही केली नाही.

आमचे काका म्हणतात, हे साहित्य नव्हे, रतीब आहे.

रतीबच आहे. बहुतेक वेळा ठरीव पैसे, काही आठवड्यांची मुदत, आणि पात्राला मारायचं तर आधी परवानगी. त्या लेखकांनाही हे टोमणे पुरेसे ऐकू आले असावेत. २००६ मध्ये त्यांनी अमेरिकेत आपली संघटना काढली आणि तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं अशी जुळवली की ती वाचताना 'होय, मी टाय-इन लेखक आहे' असंच वाचलं जावं.

पण रतीबाचं दूध पिऊनच आपण सगळे मोठे झालो. आणि वाईट लिहिलेली पुस्तकं यात ढीगभर आहेत, हे मी पहिल्यांदा कबूल करते. काही इतकी कोरडी की पटकथेतली 'तो वळतो, ती पाहते' ही वाक्यं तशीच उतरवलेली. तरी त्यात एक गोष्ट अशी मिळायची जी सिनेमा कधीच देऊ शकला नसता, ती म्हणजे पात्राच्या डोक्यात काय चाललंय. पडद्यावर रोबो नुसता उभा असतो. पुस्तकात त्याला कंटाळा आलेला असतो.

बडोद्यात ही पुस्तकं मिळायची तरी कुठे?

सेंट्रल लायब्ररीपासून सुरुवात करते, नाहीतर बडोदेकर रागावतील. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायची. मांडवीजवळच्या त्या इमारतीत लोखंडी मांडण्या आहेत आणि खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून मजल्यांना काचेची जमीन. मला लहानपणी ते ग्रंथालय वाटायचंच नाही. वर कोणी चाललं की डोक्यावर अंधूक सावली सरकायची. अंतराळयान पाहायला मला सिनेमाची गरज नव्हती, ते मांडवीत होतं. क्लार्क मला तिथेच भेटला.

पण मुखपृष्ठावर सिनेमाचा फोटो असलेली पातळ पेपरबॅक पुस्तकं यायची ती शुक्रवारीतून. शुक्रवारच्या बाजारात जुन्या कुलपांच्या, पंख्यांच्या आणि सायकलच्या चेनच्या शेजारी गोणपाटावर पुस्तकं पसरलेली असायची. विक्रेत्याला इंग्रजी वाचता यायचं नाही, तो जाडीवरून भाव सांगायचा. आमच्या दृष्टीने हा न्याय उत्तम होता, कारण उलट्या कादंबऱ्या बारीक असतात. दुसरी जागा पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला. युनिव्हर्सिटीतली मुलं अमेरिकेला जायला निघाली की हॉस्टेलची खोली रिकामी करताना पुस्तकं किलोवर घालायची. मे-जूनमध्ये पस्तीवाल्याकडे चक्कर मारायची हे आम्ही एकमेकांना सांगत नसू. तिसरी जागा गल्लीतली सर्क्युलेटिंग लायब्ररी, दिवसाला पन्नास पैसे. तिथल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आधीच्या वाचकाने खुनी कोण ते लिहून ठेवलेलं असायचं, विज्ञान-कादंबरीतसुद्धा.

इंग्रजी कच्चं होतं, अर्धं कळलंच नाही. तरी सांगू?

सांगा. न कळलेल्या अर्ध्यात तुम्ही काय भरलंत, तेच ऐकायचंय.

मराठीत अशी पुस्तकं नाहीत का?

मराठी उलटी विज्ञान-कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. त्याचं कारण सरळ आहे: उलटायला आधी मराठी विज्ञानपट हवेत. सुलटी विज्ञानकथा मात्र आपल्याकडे भरपूर आणि जुनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळाल्यावर कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलट करून! म्हणजे उलटेपणाचा मान त्यांच्याकडेही जातोच. ते वाढले काशीत, विद्यापीठाच्या आवारात. महाराष्ट्राबाहेर वाढून मराठीत लिहायचं म्हणजे काय, हे बडोदेकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'यक्षांची देणगी' आमच्या घरात दोन प्रतींत होती, कारण एक सतत कोणीतरी नेलेली असायची.

वर्ष आठवत नाही. पुस्तकावरचं छापलेलं वर्ष सांगितलं तर चालेल?

चालणार नाही. बडोद्यात पुस्तक पोचायला दहा वर्षं लागू शकत. वर्षाऐवजी तेव्हा कितवीत होता ते सांगा, किंवा घरात टीव्ही आला होता का ते. तेवढ्यावरून बरोबर लागतं.

येताना काही आणायचं का?

पुस्तक असेल तर पुस्तक, नसेल तर लीलो चेवडो. दोन्ही आणलंत तर चेवडा खाल्लेल्या हाताने पुस्तकाला शिवू नका. ही एकच गोष्ट इथे सगळ्यांना मान्य आहे. (म्हणजे एका उत्तरावर एकमत आहे. वर लिहिलेलं खोडत बसत नाही.)

तुमची स्वतःची पहिली कोणती?

'फँटास्टिक व्हॉयेज', आयझॅक असिमोव्ह. मी सातवीत. शुक्रवारीतून दोन रुपयांना, शेवटची वीसेक पानं गळालेली. विक्रेत्याने त्याबद्दल आठ आणे कमी केले होते.

गोष्ट अशी: एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गाठ. पाणबुडी आणि तिच्यातली पाच माणसं जंतूएवढी लहान करून त्याच्या मानेतल्या धमनीत सोडतात. हातात साठ मिनिटं. नंतर सगळं आपोआप पुन्हा मोठं होणार. पुस्तक १९६६ च्या मार्चमध्ये आलं आणि सिनेमा ऑगस्टमध्ये, त्यामुळे कित्येकांना वाटलं सिनेमाच पुस्तकावरून काढलाय.

मी ती रोज रात्री आजीला मराठीत सांगत होते. आजीला कल्पना मुळीच नवी वाटली नाही. "अणिमा सिद्धी," ती म्हणाली. "हनुमंत नाही का, अंगठ्याएवढा होऊन सुरसेच्या तोंडात शिरला आणि बाहेर आला." मग माझी पानं संपली. गाठ विरघळली होती, पांढरी पेशी पाणबुडीवर चालून आली होती, घड्याळ धावत होतं. आजी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माणसं पोहून येतील गं. पण त्या बोटीचं काय? ती आत राहिली तर मोठी होईल ना?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आजीने दुसऱ्या दिवशी स्वतःच रचलं. तो शास्त्रज्ञ शिंकतो आणि बोट, माणसं, सगळं बाहेर पडतं. वाड्यातल्या पोरांना तिने हीच गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगितली. शिंक ती फार छान काढायची.

केबल आल्यावर सिनेमा पाहिला. माणसं डोळ्यातून बाहेर येतात, बोट पेशीच्या पोटात आतच राहते, आणि सगळे हस्तांदोलन करतात. मी टीव्हीसमोर ओरडले होते. नंतर बऱ्याच वर्षांनी धड प्रत मिळाली. असिमोव्हला पटकथा वाचताना तीच शंका आली होती जी आजीला आली. त्याने पुस्तकात दुरुस्ती केली: माणसं त्या पांढऱ्या पेशीला मागे लावून घेतात, बोट पोटात घेतलेली पेशी त्यांच्यामागून डोळ्यापर्यंत येते, आणि सगळं एका अश्रूत बाहेर काढलं जातं. आजीची शिंक आणि असिमोव्हचा अश्रू, दोन्हींत फार तर दोन बोटांचं अंतर.

ती फाटकी प्रत अजून आहे?

आहे, कट्ट्याच्या दिवशी चटईवर मध्यभागी ठेवलेली असते. शेवटची पानं झेरॉक्स करून आत चिकटवा, असं दर वेळी कोणीतरी सुचवतं. चिकटवलेली नाहीत.